डाव्या हँडलची पन्हळ

९ फेब्रुवारी

भाऊजी,

आधी भांडण, मग ख्यालीखुशाली. फोनवर तुम्ही 'हं', 'बरं' आणि 'बघू' या तीन शब्दांत मला वाटेला लावता, म्हणून आज कागद काढला आहे. कागदावर नुसतं 'हं' लिहून पाठवायला तुम्हालाही लाज वाटेल.

तुमच्या दादांना जाऊन वर्ष होत आलं. तुम्ही आला नाहीत. सुटी मिळाली नाही असं कळवलंत, मी मान डोलावली. सख्खा भाऊ गेला तरी सुटी न देणारा कारखाना कसा असतो ते मला अजून समजलेलं नाही, पण ते असो. आज लिहिते आहे ते मागच्या खोलीबद्दल.

घर तुम्हाला आठवत असेलच. पुढे बसायची खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे अंगणात उघडणारी ती अडगळीची. पंपाच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि महिन्याभरात यांनी त्या खोलीत मोटारसायकल बांधायला घेतली. विकत घेऊन नीट करायची नाही, पहिल्यापासून बांधायची. सांगाडा एका मोडीत निघालेल्या गाडीचा, इंजिन भलत्याच गाडीचं, आणि पेट्रोलची टाकी तर वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून ठोकून घरीच केलेली. महिनोन् महिने मी त्या ठोकाठोकीत स्वयंपाक केला. सकाळी चहा घेऊन आत गेलेला माणूस जेवायला हाक मारली की बाहेर यायचा, जेवून परत आत. काय चाललंय विचारलं की म्हणायचे, "झाली की बघशील." लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर माणसाने सवत आणावी, आणि तीही मागच्या खोलीत ठेवावी!

तिथेच गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक मात्र तुम्हाला सांगितलेलं नाही. मी दुपारचा चहा घेऊन गेले तेव्हा ते स्टुलावर बसलेले होते, कपाळ टाकीवर टेकलेलं. मला वाटलं डुलकी लागली. मी कप ठेवून परत आले, भाऊजी. चहा निवला असेल म्हणून पुन्हा गेले, तेव्हा कळलं.

तर ती गाडी अजून तशीच अर्धवट उभी आहे. सीट एकच. मागे बसायला जागाच ठेवलेली नाही, म्हणजे मला कुठे न्यायचा विचार नव्हता हे उघड आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. तुम्ही येऊन घेऊन जा, नाहीतर काय करू ते सांगा. तुम्हा दोघा भावांचा जीव होता मोटारसायकलींवर, म्हणून तुम्हाला विचारते.

आणि मागच्या पत्रात तुमच्या ओळी अशा उताराला लागल्या होत्या की वाचताना मीच घसरले. चष्मा बदला.

तुमची वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

'हं' एवढंच लिहिणार होतो, पण ते दार तू आधीच लावून घेतलंस.

सुटीचं खरंच कठीण आहे. मी आता मशीनवर नसतो, गेटजवळ वजनकाट्यावर बसतो. कागदाच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक येऊन काट्यावर उभा राहतो, मी खिडकीतून वजन ओरडतो, ड्रायव्हर लिहून घेतो आणि जातो. पुष्कळदा घरी जाताना लक्षात येतं की आज आकड्यांशिवाय तोंडातून काही निघालंच नाही. काम आरामाचं आहे, तक्रार नाही.

खोली तीच, शिंप्याच्या दुकानावरची. शिंपी दुकान बंद करून मुलाकडे गेला, पण काचेत त्याचा कपडे घालायचा पुतळा उभाच आहे, मुंडकं नसलेला. जाता येता मी त्याला "काय म्हणता" विचारतो. तो आपल्या घराण्यातलाच असावा, काही सांगत नाही.

गाडीचं म्हणशील तर भंगारवाल्याला देऊन टाक. मला नको. माझी होती ती मी अडीच वर्षांपूर्वीच विकली. वय झालं की वेडं सुटतात. चालत जायला किती बरं वाटतं म्हणून सांगू. खोली मोकळी होईल, तुला वाळवणाला जागा होईल.

तू कप ठेवून परत आलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मीही तेच केलं असतं.

ओळींचं कारण टेबल. एक पाय आखूड आहे.

तुझा दीर


१८ मार्च

भाऊजी,

तुम्ही गाडी विकलीत? तुम्ही? मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होतात आणि यांच्या गाडीवर कोणी कुठे बसायचं यावरून माझ्याशी कडाकडा भांडायचात. शेवटी तह झाला होता. तुम्ही पुढे टाकीवर, मी मागे. त्या माणसाला चालत जायला बरं वाटतं म्हणे! कोणी भेटली आहे का, भाऊजी? तिला मोटारसायकल आवडत नाही का? असेल तर सरळ सांगा, मी काही हसणार नाही. थोडी हसेन.

भंगारवाल्याला बोलावलं होतं. त्याने आत येऊन आधी टाकी उचलली आणि अशी आपटली पोत्यावर की माझ्या तोंडून "अहो!" निघून गेलं. असं मी फक्त यांना म्हणायची. तो बिचारा इकडेतिकडे बघायला लागला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि टाकी पुसून जागेवर ठेवली. हात फिरवला की हातोडीचे बारीक बारीक घाव लागतात बोटांना. इतका वेळ त्या पत्र्याशी बोलला हा माणूस. माझ्याशी त्याचा दहावा हिस्सा बोलला असता तर मी सुखाने मेले असते.

म्हणून ठरवलं, भंगारात नाही घालायची. पुरी करायची आणि चालवणाऱ्या माणसाला द्यायची. समोरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला गल्लीत सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण त्याचं तोंड कधी बंद होत नाही. तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि पहिल्यांदाच गप्प झाला. मग म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण काकांनी सगळं उलटं लावलंय. इकडचं तिकडे. अशी गाडी कोणालाच चालवता यायची नाही." आणि बोट कपाळाशी नेऊन जरासं फिरवलं.

भाऊजी, तेव्हापासून मनात हेच घोळतंय. चाळीस वर्षं फिटर असलेला माणूस केबल उलटी लावेल? मी शेजारच्या खोलीत भाजी चिरत बसले होते आणि भिंतीपलीकडे यांचं डोकं चाललेलं मला कळलंच नाही का? सवत सवत म्हणून मी फुगून बसले, आणि त्यांना खरं तर डॉक्टरकडे न्यायला हवं होतं का? तुम्हाला ते आठवड्याला फोन करायचे. कधी भलतंसलतं बोलले का? एक गोष्ट दोनदा विचारली, नाव विसरले? खरं काय ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

दादाचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठिकाणावर होतं. फोनवर मला व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवायचा आणि माझं चुकलं की हसायचा. हे मनातून काढून टाक. चूक कोणाच्याही हातून होते, फिटरच्याही. एकटा माणूस एकटाच काम करत असला की विचारायला कोणी नसतं, एवढंच.

तू खरं लिही म्हणालीस म्हणून एक सांगतो. निवृत्त झाला त्या सुमारास त्याने माझ्याकडे एक वस्तू मागितली होती. माझ्याकडची फेकायची, कचऱ्यातली वस्तू. मला नवल वाटलं, पण मी पाठवली. कशाला ते विचारलं नाही. त्याला फेकायच्या वस्तूंचा सोस होताच. तेवढं सोडलं तर तो होता तसाच होता.

आता गाडी. उलटं असेल तर सुलटं करून घे. सायलेन्सरला सांगायची गरज नाही, पण तुला माहीत असलेलं बरं, नाहीतर तो तुला गुंडाळेल. क्लच डाव्या हाताला. पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला, मागच्याचा उजव्या पायाला. गिअर डाव्या पायाला. केबल बसवली की हँडल आधी पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवून बघ. कुठेही केबल ताणली जाता कामा नये, नाहीतर वळणावर क्लच आपोआप ओढला जातो. केबलीत तेल सोडताना कागदाचं नरसाळं कर. चाकाच्या तारांवर पान्याने हलकेच टकटक करत जा. सगळ्या तारा एका आवाजात बोलल्या पाहिजेत. एखादी भद्द वाजली तर ती ढिली आहे.

लिहिता लिहिता वेळ कसा गेला कळलं नाही. ट्रकवाले भोंगा वाजवतायत.

मला कोणी भेटलेली नाही. पुतळा सोडून.

तुझा दीर


२९ मे

भाऊजी,

ही चिठ्ठी एका मेकॅनिक बाईची आहे, मान देऊन वाचा. नखातलं ग्रीस कशानेच जात नाही. कणीक मळायची तर आधी अर्धा तास हात घासावे लागतात.

तुमचं पत्र मी खोलीत भिंतीला चिकटवलं आणि सायलेन्सरला म्हटलं, असं करायचं. तो म्हणाला, "काकू, हे लिहिणारा माणूस कामाचा दिसतो." मी म्हटलं, "दिसत नाही, हीच तर तक्रार आहे."

आता मला शब्द आले आहेत, तेव्हा उलटं म्हणजे नेमकं काय होतं ते सांगते. क्लचची दांडी उजव्या हँडलला होती. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक एकाच पायाच्या पेडलला जोडलेले, मधे यांनी स्वतः घडवलेला एक छोटा तराजूसारखा तुकडा. हॉर्न, दिवा, वळायचं बटण, सगळं उजव्या अंगठ्यापाशी गर्दी करून बसवलेलं. डावीकडे काही म्हणजे काहीच नाही. आम्ही सगळं सोडवलं आणि तुम्ही सांगितलं तसं बसवलं. तराजूचा तुकडा काढताना माझा जीव खालीवर होत होता, इतका सुबक होता तो. पण सायलेन्सर म्हणाला, गाडी देवळात ठेवायची नाही, रस्त्यावर आणायची आहे.

डाव्या हँडलवर मुठीच्या जागी एक पन्हळ होती. छपराची असते तशी अर्धगोल, पण दीड वीत लांब, कोपराकडे रुंद आणि पुढे निमुळती, आतून मऊ कातडं लावलेलं आणि वरून एक पट्टा. सायलेन्सर म्हणाला थर्मास ठेवायला असेल. मला वाटतं भाजीची पिशवी अडकवायला. असल्या सोयी करायची त्यांना खोडच होती. ती काढून तिथे नेहमीची रबरी मूठ बसवली. पन्हळ फेकवेना म्हणून धुऊन स्वयंपाकघरात आणली. त्यात आता माझं लाटणं राहतं. अगदी मापाचं बसतं, गडगडत नाही. चला, सवतीने काहीतरी दिलं.

परवा इंजिन सुरू झालं. घरभर धूर, आणि मी आणि सायलेन्सर अंगणात वेड्यासारखे हसतोय. मग तो गेला, आणि मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. त्यानंतर घर इतकं शांत झालं की मी नळ सोडून ठेवला थोडा वेळ.

चौकातल्या चष्मेवाल्याला गाडी पसंत पडली आहे. पावसाळा उलटला की नेतो म्हणाला. चांगला माणूस आहे, सावकाश चालवेल. तुमचं काय मत?

तुमची मेकॅनिक वहिनी


१० ऑगस्ट

भाऊजी,

दोन महिने होऊन गेले, उत्तर नाही. फोन वाजतो आणि वाजतच राहतो. कारखान्यात फोन केला तर कोणीतरी म्हणालं, आहेत की, काट्यावर बसलेत. म्हणजे जिवंत आहात. मग रागवायला मोकळी झाले.

मी काय चुकीचं लिहिलं ते पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. थट्टा लागली का? कोणी भेटली का म्हणाले ते? की तुमच्या भावाची गाडी मी परक्याला देते आहे ते? मग तेव्हाच म्हणायचं होतं. मी तर तुम्हालाच आधी विचारलं होतं.

तुम्हा भावांची ही रीतच आहे म्हणा. एकाने भिंतीकडे तोंड करून दीड वर्ष काढलं, दुसरा फोनकडे बघत बसतो. मी बोलते कुणाशी हे तुम्हाला कधी मनात आलं का? यांच्यामागे मला हक्काने ओरडायला एकच माणूस उरला होता, आणि त्याने पाठ फिरवली.

चष्मेवाला पुढच्या महिन्यात येतो आहे. हे कळवायचं म्हणून कळवलं.

वहिनी


२३ ऑगस्ट

वहिनी,

तुझं मे महिन्याचं पत्र मी काट्याच्या केबिनमध्ये उघडलं. पन्हळीपर्यंत वाचलं आणि बाहेर ट्रक उभा असताना वजन सांगायचं विसरलो. त्यानंतर तुला लिहायला बसलो की कागद फाडायचो. आज फाडणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मशीनच्या दोन रोलरमध्ये माझा डावा हात गेला. हात आहे, तुटलेला नाही. पण बोटं मिटत नाहीत आणि मनगटाच्या पुढे काही कळत नाही. म्हणून मशीनवरून काट्यावर. म्हणून गाडी विकली. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत गं. डाव्या हाताने कागद धरता येत नाही, तो सरकतो, म्हणून ओळी उतरतात. आज कागदावर कुलूप ठेवून लिहितोय, बघ सरळ आल्या आहेत का.

दादाला माहीत होतं. त्या वेळी तो चार दिवस पंप बसवायला परगावी गेला होता ना, तो पंप म्हणजे मी. दवाखान्यात माझ्या उशाशी होता. मी त्याच्याकडून वचन घेतलं की तुला सांगायचं नाही. तू येऊन मला उचलून घरी नेलं असतंस, घास भरवला असतास, आणि मला ते नको होतं. त्याला तुझ्याशी खोटं बोलायला लावलं ते मी.

प्लास्टर काढायची वेळ आली तेव्हा त्याचा फोन आला. म्हणाला, "कापलं की फेकू नकोस, दोन्ही अर्धुकं मला पाठव." कोपराखालपासून बोटांच्या पेरांपर्यंतचं प्लास्टर. तीच ती कचऱ्यातली वस्तू. मी म्हटलं, "आठवण म्हणून ठेवतोस की काय?" तो म्हणाला, "तू पाठव रे, नस्ती चौकशी कशाला?" 

वहिनी, ती पन्हळ भाजीच्या पिशवीसाठी नाही. त्या प्लास्टरवर पत्रा ठोकून केली असणार. तो माझा हात आहे. हात त्यात टेकवायचा, पट्टा आवळायचा आणि हँडल वळवायचं. क्लच उजवीकडे, दोन्ही ब्रेक एका पायाला, बटणं उजव्या अंगठ्याला. उलटं काहीच नव्हतं. अशी गाडी जगात एकाच माणसाला चालवता आली असती. आणि एकच सीट, कारण त्या माणसाच्या मागे बसायला कोणी नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने तुला वगळलं नव्हतं.

मला कधी बोलला नाही. मी गाडीचं नाव काढू देत नव्हतो, म्हणून पुरी करून दारात उभी करणार असेल. तू 'उलटं' लिहिलंस तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण हाताचा विचार कुठेच आत येऊ द्यायचा नाही अशी मी सवय लावून घेतली आहे. आणि सगळं मोडून सुलटं कर असं तुला मीच सांगितलं. क्रमवार, तारा कशा वाजवायच्या तेसुद्धा.

तो गेला तेव्हा मी तिकीट काढलं होतं. स्टेशनवर बाकावर बसून राहिलो. वाटलं, मी आलो तर सगळे दादाला सोडून माझ्या बाहीकडे बघतील. निदान त्या दिवशी तरी सगळ्यांनी त्याच्याकडे बघावं. गाडी आली आणि गेली.

चष्मेवाल्याला गाडी देऊन टाक. सुलटी आहे, त्याच्या उपयोगी पडेल. फक्त ती पन्हळ मला पाठव. लाटण्याची सोय दुसरीकडे कर.

तुझा दीर


१९ सप्टेंबर

भाऊजी,

ओळी सरळ आल्या आहेत. तेवढीच काय ती तुमची स्तुती, आता पुढे वाचा.

पत्र वाचून आधी मी रडले, मग इतकी संतापले की तुम्ही समोर असतात तर लाटणं पन्हळीत राहिलं नसतं. दोघा भावांनी संगनमत करून मला परकं केलंत. मी घास भरवला असता म्हणे! भरवला असता, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी "उजवा हात काय शोभेला आहे का" म्हणून ताट पुढे सरकवलं असतं. इतक्या वर्षांत मला एवढंच ओळखलंत?

आणि स्टेशनवरचं बाक. तुमच्या बाहीकडे बघायला त्या दिवशी कोणाचे डोळे कोरडे होते, भाऊजी? मी दाराकडे बघत होते, दिवसभर. 

मग मागच्या खोलीत जाऊन शोधाशोध केली. ड्रिलच्या खोक्यामागे कापडात गुंडाळलेली प्लास्टरची दोन अर्धुकं सापडली. वर पेन्सिलच्या बारीक खुणा, यांच्या हातच्या. मी स्वयंपाकघरातून पन्हळ आणली आणि त्यावर ठेवली. डब्यावर झाकण बसावं तशी बसली. मी कितीतरी वेळ ते तसंच मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. यांचं डोकं ठिकाणावर होतं. दीड वर्ष माझ्याशी बोलले नाहीत, कारण तोंड उघडलं असतं तर माझ्यापाशी लपलं नसतं. पस्तीस वर्षांत त्यांना एकही गुपित पचलेलं नव्हतं. बिचारे! किती जड गेलं असेल. मी मात्र रोज चहाचा कप आपटून जात होते.

चष्मेवाल्याला सांगितलं, गाडी माझी नाही, ज्याची आहे तो येतोय. चांगला माणूस, म्हणाला, "मग प्रश्नच नाही."

सायलेन्सरला बोलावून सगळं परत उलटं करायला सांगितलं. त्याने आधी माझ्या कपाळाकडे बघितलं. मग मी त्याला प्लास्टर आणि पन्हळ दाखवली. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "काकांची माफी मागायला हवी." त्याने आणि मी मिळून सगळं होतं तसं बसवलं. तराजूचा तुकडा मी जपून ठेवला होता, एका चहाच्या डब्यात. केबली बसवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवलं. कुठे ताण नाही. तारा एका आवाजात बोलतात.

काल गाडी स्टँडवर चढवून मी वर बसले. डावा हात टॉवेलने कमरेला बांधला, सायलेन्सरने गाठ मारली. इंजिन सुरू केलं, उजव्या हाताने क्लच ओढला, पायाने गिअर टाकला, मग क्लच हळूच सोडला. मागचं चाक हवेत फिरायला लागलं. पायाने ब्रेक दाबला, थांबलं. तीनदा केलं. म्हणजे होतं, भाऊजी. ज्या बाईने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही तिला होतं, तर तुम्हाला का नाही होणार?

यांच्या कामात मी एकच ढवळाढवळ केली आहे. मागे दुसरी सीट लावून घेतली. सायलेन्सर कुरकुरला, "काकू, गाडीची ऐट जाईल." म्हटलं, जाऊ दे. तुमच्या मागे बसायला कोणी नाही हा यांचा हिशेब चुकला होता. फिटर असले म्हणून काय झालं, चूक कोणाच्याही हातून होते.

पन्हळ पाठवणार नाही. ती डाव्या हँडलला घट्ट बसवली आहे. हात लपवायचाच असेल तर इथे येऊन त्यात लपवा.

मागच्या सीटवरून,
वहिनी